‘व्हीडीआरएल निगेटिव्ह’पाशी थांबू नका : इंदूरच्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) एक ठरावीक रिपोर्ट तुमच्या टेबलावर अधूनमधून येतच असतो. एऑर्टिक व्हॉल्व्हला तीन पाती, कॅल्शियम फारसं नाही, मायट्रल व्हॉल्व्ह स्वच्छ. पण एऑर्टिक व्हॉल्व्ह बऱ्यापैकी गळतोय आणि चढती महाधमनी (हृदयातून वर निघणारी एऑर्टा) ४.३ - ४.५ सेंटिमीटरपर्यंत फुगलेली. पेशंट पन्नाशी-साठीतला, बीपी १६०/५०. खाली शेरा असतो, ‘वयोमानानुसार बदल’. बीपीची गोळी चालू होते, सहा महिन्यांनी पुन्हा इको, आणि कारणाचा विषय तिथेच मिटतो.

आमचं मागणं एवढंच आहे, की असा रिपोर्ट दिसला की कारणांच्या यादीत उपदंश, म्हणजे सिफिलिस, धरा. त्यासाठी रक्त पाठवताना एकट्या व्हीडीआरएलवर, म्हणजे उपदंशाच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, भागवू नका, सोबत थेट जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी टीपीएचए मागा. ते का आणि कसं, ते पुढे लिहितो आहोत.

हेही आधीच सांगतो, की अशा बहुतेक पेशंटांत उपदंश निघणार नाही. वाढतं वय, जुनं बीपी, जन्मतः दोन पात्यांचा व्हॉल्व्ह, संधिवाताच्या तापाने बिघडलेला व्हॉल्व्ह, मार्फान (ऊतींचा जन्मजात सैलपणा), ताकायासु (मोठ्या धमन्यांचा दाह), अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्यांचा संधिवात) ही कारणं आज पुढे आहेत. पेनिसिलीन आल्यापासून, आणि दर सर्दीतापाला अँटिबायोटिक देण्याच्या आपल्या सवयीमुळेही, हृदयापर्यंत पोचलेला उपदंश कमी झाला. पण कमी झाला म्हणजे संपला नाही. आणि ज्याला हा आहे, त्याच्यात आतला संसर्ग थांबवायला आजही तीन इंजेक्शनं लागतात. कोणी विचारच केला नाही म्हणून ती राहून जावीत, हे पटण्यासारखं नाही.

काळाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. जंतू शिरल्यापासून साधारण ३ आठवड्यांनी (९ ते ९० दिवसांत केव्हाही) जननेंद्रियावर न दुखणारी जखम होते आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येते. त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर, आणि मुख्य म्हणजे तळहात-तळपायांवर, न खाजणारे डाग उठतात. तेही आपोआप जातात. मग वर्षानुवर्षं सामसूम. महाधमनीचा आजार वर यायला १० ते ३० वर्षं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओस्लोत सेसर बोक यांनी पाऱ्याचे उपचार न देता ठेवलेल्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, १९५५ मध्ये येस्टलांडने तो मांडला. त्यात सुमारे दहातल्या एकाला हृदय-महाधमनीचा उपदंश झालेला दिसला. म्हणजे १९९५च्या सुमारास पंचविशीत लागण झालेला माणूस आज पंचावन्नच्या पुढे, बीपी तपासायला तुमच्यापुढे बसलेला असणार. त्या वेळच्या जखमेची त्याला आठवणही नसेल.

व्हॉल्व्ह गळतो कसा, हे समजलं की इकोचा रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचता येतो. मुळात हा व्हॉल्व्हचा आजार नाहीच, हा महाधमनीच्या भिंतीचा आजार आहे. महाधमनीची भिंत इतकी जाड असते, की तिच्या बाहेरच्या भागाला रक्त पुरवायला स्वतंत्र बारीक रक्तवाहिन्या लागतात, त्यांना व्हासा व्हासोरम म्हणतात. हृदयातून निघाल्या निघाल्या असलेल्या चढत्या भागात त्या सगळ्यांत दाट असतात, म्हणूनच जंतूचा मुक्काम तिथे पडतो. या वाहिन्यांभोवती प्लाझ्मा पेशी जमतात, त्यांची पोकळी बुजत जाते आणि मधल्या थरातले लवचीक तंतू रक्ताअभावी मरतात. त्या जागी व्रणाच्या गाठी भरतात. आतला पृष्ठभाग सुरकुतून झाडाच्या सालीसारखा होतो. लवचीकपणा गेलेली भिंत दर ठोक्याला थोडी थोडी ताणत जाते. महाधमनीचं मूळ रुंदावलं, की पात्यांच्या जोडावरच्या कडा एकमेकींपासून लांब सरकतात, पात्यांना मधोमध भेटता येत नाही आणि रक्त मागे वाहू लागतं. पुढे पात्यांच्या कडा जाड होऊन आत वळतात. व्रणाने भिंत चिकटून गेलेली असल्यामुळे ती उभी फाटण्याचे, म्हणजे डिसेक्शनचे, प्रसंग मात्र यात विरळा.

यावरून दोन गोष्टी हाती लागतात. एक, उपदंशाने एऑर्टिक व्हॉल्व्ह गळतो, पण एकट्या उपदंशाने तो अरुंद होत नाही. दोन, मायट्रल व्हॉल्व्हला हा आजार हात लावत नाही. संधिवाताच्या तापात याच्या नेमकं उलट असतं : पात्यांचे जोड एकमेकांना चिकटतात आणि मायट्रल बहुधा सोबत बिघडलेला असतो. इकोत मायट्रलही खराब असेल किंवा एऑर्टिक अरुंद असेल, तर उपदंशाचा नंबर यादीत खाली जातो.

भिंत आणि व्हॉल्व्ह यांच्यानंतरची तिसरी जागा आपल्याकडे हमखास निसटते. हृदयाच्या स्वतःच्या दोन धमन्या ज्या तोंडांनी महाधमनीतून निघतात, ती तोंडं याच व्रणात सापडून आवळली जातात. असा पेशंट छातीत दुखतं म्हणून येतो, कधी विश्रांतीत, कधी रात्री. अँजिओग्राफीत पुढच्या धमन्या गुळगुळीत आणि अरुंदपणा फक्त तोंडाशी, असा रिपोर्ट तुमच्याकडे परत आला, तर त्याला ‘छोटा ब्लॉक’ म्हणून सोडू नका. उपदंश आणि ताकायासु, दोन्हींचा विचार व्हायला हवा. साध्या छातीच्या एक्स-रेतही एक खूण मिळते. वयाचं कॅल्शियम बहुतेक कमानीवर आणि उतरत्या महाधमनीत दिसतं. खडूने काढल्यासारखी बारीक रेघ चढत्या भागाच्या कडेने दिसली, तर ती उपदंशाची जुनी खूण समजतात.

आता तपासणी. गळणाऱ्या व्हॉल्व्हचा आवाज मऊ असतो, फुंकर मारल्यासारखा, आणि गर्दीच्या दवाखान्यात तो ऐकू येत नाही हे आपण सगळे जाणतो. पंखा बंद करा. पेशंटला बसवून पुढे वाकवा, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगा, स्टेथोचा डायफ्राम घट्ट दाबून धरा. नेहमीच्या एऑर्टिक गळतीचा आवाज छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला तिसऱ्या फटीत चांगला येतो. मूळ फुगल्यामुळे होणाऱ्या गळतीचा आवाज उजव्या कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत जास्त स्पष्ट येतो. डावीकडे ऐकून स्टेथो काढून घेतला, तर तो हुकतो. पेशंटचा हात वर धरून मनगट तळव्याने पकडा : नाडी आपटून कोसळताना जाणवेल. नखाच्या टोकाला हलका दाब दिला की लाल-पांढरं असं ठोक्याठोक्याला बदलताना दिसेल. काहींची मान प्रत्येक ठोक्याला किंचित हलते. फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसेवरून त्या खुणेला नाव पडलं आहे.

बीपीच्या आकड्यांबाबत एक सूचना, थोडी आग्रहाची. वरचा १६० आणि खालचा ५० असा फरक दिसला, की म्हातारपणाचं बीपी म्हणून अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल लिहून मोकळं होऊ नका. हृदयाचा वेग कमी झाला की दोन ठोक्यांमधला वेळ वाढतो आणि गळती होते ती नेमकी त्याच वेळात. गळती मोठी असताना हे औषध पेशंटला दम लावू शकतं. फुगलेल्या महाधमनीसाठी बीटा-ब्लॉकर द्यायचा की नाही हा वेगळा हिशेब आहे, तो इको पाहून हृदयरोगतज्ज्ञांना करू द्या. तोवर बीपी उतरवायचंच असेल, तर एसीई इनहिबिटर किंवा अम्लोडिपिन बरं.

रक्ततपासणीची बाजू सगळ्यांत गोंधळाची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

व्हीडीआरएल आणि आरपीआर या जंतूच्या तपासण्या नव्हेतच. पेशींच्या नासधुशीतून निघणाऱ्या चरबीसारख्या पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्यं त्या मोजतात. आजार ताजा असताना ती भरपूर असतात, वर्षं गेली तशी ओसरतात. उशिराच्या उपदंशात, काहीही औषध न घेता, साधारण चारातल्या एका पेशंटात व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह येते. म्हणजे जिथे आपल्याला हवी, तिथेच ही तपासणी हुलकावणी देते. टीपीएचए, टीपीपीए, एफटीए-एबीएस या तपासण्या थेट जंतूविरुद्धच्या प्रतिद्रव्यांच्या. त्या बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतात.

दोन्ही निगेटिव्ह आल्या, तर हृदयाच्या उपदंशाचा विषय जवळजवळ संपला, दुसरं कारण शोधा. व्हीडीआरएल निगेटिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह आली, तर पेशंटला पूर्वी पूर्ण उपचार मिळाल्याचा पुरावा आहे का ते पाहा. कागद नाही, आठवण धूसर आहे, तर उशिराचा उपदंश धरून उपचार करावा. व्हीडीआरएल कमी टायटरने (सीरम किती पट पातळ करेपर्यंत तपासणी पॉझिटिव्ह राहते, ते माप) पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह, तर बहुधा खोटा पॉझिटिव्ह. त्यामागे ल्युपस, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, कुष्ठरोग, क्षयरोग, नुकताच झालेला मलेरिया किंवा गर्भारपण असू शकतं. टीपीएचए पॉझिटिव्ह म्हणजे महाधमनी त्यामुळेच फुगली हे सिद्ध झालं, असं मात्र नाही. ती फक्त एक दार उघडते.

आपल्या भागापुरती एक तळटीप. जुन्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यांत पूर्वी यॉज नावाचा त्वचारोग होता. त्याचा जंतू उपदंशाच्या जंतूचा सख्खा भाऊ. स्पर्शाने पसरणारा, लहानपणी होणारा, शरीरसंबंधाशी काडीचा संबंध नसलेला. भारताने २००६ मध्ये त्याच्या उच्चाटनाची घोषणा केली, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त ठरवलं. पण लहानपणी तो झालेल्यांची टीपीएचए आजही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या भागातून आलेल्या सत्तरीच्या आजींना रिपोर्ट हातात घेऊन भलते प्रश्न विचारण्याआधी हे डोक्यात असू द्या.

लॅबचालकांशीही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. रिपोर्टवर ‘व्हीडीआरएल’ असं छापून आत पट्टीवाली रॅपिड टेस्ट करू नका. ती पट्टी बहुधा ट्रेपोनेमल असते, म्हणजे टीपीएचएच्या जातीची. तिला टायटर नसतो आणि ती बरा झालेल्या माणसालाही पॉझिटिव्ह दाखवते. पद्धतीचं नाव लिहा आणि पॉझिटिव्ह आल्यास टायटर लिहा. आरपीआर कार्ड १०० फेऱ्यांनी ८ मिनिटं, व्हीडीआरएल स्लाइड १८० फेऱ्यांनी ४ मिनिटं. व्हीडीआरएलसाठी सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असावं. खोलीचं तापमान २३ ते २९ अंश लागतं. इंदुरात मे महिन्यात एसीशिवाय ते मिळत नाही आणि फ्रिजमधून काढलेलं अँटिजन तसंच थंड वापरलं, तर प्रतिक्रिया फिकी पडते. आरपीआरच्या सुईतून १ मिलीत ६० थेंब पडतात का, हे अधूनमधून मोजा. थेंब मोठा पडू लागला, की सगळ्या दिवसाचं काम वाकडं. अंगावर डाग असलेल्या पेशंटचं सीरम निगेटिव्ह आलं, तर पातळ करून पुन्हा लावा. प्रतिद्रव्यं अति असली, की गुठळीच बनत नाही. फॅमिली डॉक्टरांनी एवढं करावं : टायटरची तुलना एकाच पद्धतीत, शक्यतो एकाच लॅबमध्ये. १:३२वरून १:८ झाला तर खरा बदल, १:१६ झाला तर नाही.

आणखी एक कागद लोक दाखवत नाहीत. रक्तदानाच्या प्रत्येक बाटलीची आपल्याकडे उपदंशासाठी तपासणी होते. गणेशोत्सवातल्या किंवा जयंतीच्या शिबिरात रक्त दिलं आणि नंतर रक्तपेढीतून ‘भेटून जा’ असा निरोप आला, असं कित्येकांच्या बाबतीत घडतं. त्यांतले बरेच जण घाबरून जात नाहीत, काही जण जाऊन चिठ्ठी फाडून टाकतात. ‘कधी रक्तपेढीने परत बोलावलं होतं का?’ हा प्रश्न तुमच्या नेहमीच्या प्रश्नांत घाला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यामुळे उत्तर खरं येतं.

विचारण्याचा भाग अवघड आहे हे मान्य. आपली इंदुरी मराठी घरं एकमेकांना ओळखतात. राजवाड्याजवळच्या दवाखान्यातली गोष्ट संध्याकाळी रामबागेत पोचते. काकांबरोबर सून आलेली असते, फाईल नातवाच्या हातात असते. म्हणून आधी बाकीच्यांना बाहेर बसवा, निमित्त ‘कपडे काढून तपासायचंय’ एवढं पुरतं. मग सरळ म्हणा : ‘काका, व्हॉल्व्ह गळण्याची सहा-सात कारणं असतात, प्रत्येकाला मी सगळी विचारतो. तरुणपणी लघवीच्या जागी जखम झाली होती का, न दुखणारी, आपोआप भरलेली? तळहातावर डाग? कमरेत कधी पेनिसिलीनचं, चोवीस लाख युनिटचं, इंजेक्शन घेतलं होतं?’ ‘गरमी (उपदंशाचं जुनं नाव) झाली होती का?’ असं विचारलं, तर जुन्या माणसांना पटकन कळतं, पण त्या शब्दात आरोप असतो. तो त्यांनी स्वतः वापरला तरच उचला. बायकांच्या बाबतीत जखम आत असल्यामुळे त्यांना ती दिसलेलीच नसते. तिथे विचारायचं ते वेगळं : ‘काकू, सातव्या-आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं, असं कधी झालं होतं का?’ आणि उत्तर ‘नाही’ आलं म्हणून तपासणी रद्द करू नका. न दुखणारी जखम तीस वर्षांनी कोण लक्षात ठेवतं?

रिपोर्ट बंद पाकिटात द्या, फाईलच्या पहिल्या पानावर निदान ठळक लिहू नका. एचआयव्हीची तपासणी सोबत करायची असते. त्यासाठी संमती आणि गोपनीयता २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे. लागण होऊन वर्षं लोटलेला पेशंट सहसा जोडीदाराला संसर्ग देत नाही, हे त्याला आवर्जून सांगा, कारण पहिली भीती तीच असते. तरी पत्नीची किंवा पतीची तपासणी करायचीच. स्त्रीला उपदंश निघाला, तर मुलांचीही.

उपचार आकड्यांत साधा आहे. लागण एका वर्षाच्या आतली असेल (काही मार्गदर्शिका दोन वर्षं धरतात), तर बेंझाथिन पेनिसिलीन २४ लाख युनिट एकदाच. त्याहून जुनी, किंवा केव्हाची ते माहीत नाही, किंवा हृदयापर्यंत गेलेली असेल, तर २४ लाख युनिट आठवड्याला एक, असे ३ डोस, एकूण ७२ लाख. दोन डोसांमधलं अंतर १४ दिवसांपुढे गेलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गरोदर बाईला एवढीही सवलत नाही, तिथे ९ दिवस ही मर्यादा. हृदयाच्या पेशंटांत पहिल्या डोसाआधी पाठीतल्या पाण्याची तपासणी आवश्यक आहे. जंतू मेंदूत असेल, तर कमरेतलं पेनिसिलीन तिथे पुरेसं पोचत नाही; मग क्रिस्टलाइन पेनिसिलीन रोज १८० ते २४० लाख युनिट शिरेतून, १० ते १४ दिवस, म्हणजे भरती करूनच. तुमच्या टेबलापाशी एवढं पाहून ठेवा : बाहुली जवळ पाहताना लहान होते पण टॉर्चला होत नाही असं आहे का, डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो का, ऐकू कमी येऊ लागलंय का. पेनिसिलीन खरोखरच चालत नसेल, तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा २८ दिवस, गरोदरपण सोडून. अ‍ॅझिथ्रोमायसिनवर विसंबू नका, जंतूने त्याला दाद न देणं जगभर नोंदलं गेलं आहे.

खरं अडतं ते इंजेक्शन देण्यावर. रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने कित्येक दवाखान्यांनी पेनिसिलीन ठेवणंच सोडलं आहे. धास्ती अगदीच निराधार नाही, पण तयारी असली की आवाक्यातली आहे. अ‍ॅड्रिनलीन सिरिंजच्या शेजारी हवं, कपाटात नव्हे. मोठ्या माणसाला १:१०००चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. इंजेक्शननंतर ३० मिनिटं पेशंटला समोर बसवून ठेवा. पूर्वीची ‘अ‍ॅलर्जी’ म्हणजे नक्की काय झालं होतं ते विचारा. गरगरलं किंवा जुलाब झाले, याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. पावडर बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवा, २१ नंबरची सुई घ्या, १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत वरच्या बाहेरच्या चौकोनात खोल द्या. हे दुधासारखं दाट औषध असतं. सिरिंजमध्ये भरून फोनवर बोलत बसलात, तर कण खाली बसून सुई तुंबते. मग जोर लावला जातो, पेशंट ओरडतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. भरल्याबरोबर, संथ, एकसारख्या दाबाने द्यायचं. रक्तवाहिनीत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून मागे ओढून पाहणं चुकवू नका.

मात्र गळती तीव्र असेल, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते माप) ५० टक्क्यांच्या खाली असेल किंवा पेशंटला दम लागत असेल, तर हे इंजेक्शन दवाखान्यात देऊ नका. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संधिवाताच्या हृदयरोग्यांबाबत इशारा दिला : अशा पेशंटांत इंजेक्शननंतरचे काही मृत्यू अ‍ॅलर्जीचे नसून दुखण्यामुळे नाडी-बीपी कोसळल्याचे असावेत. इशारा दुसऱ्या आजारापुरता आहे, पण खराब हृदय इथेही तेच. मॉनिटर असलेल्या वॉर्डात, आडवं झोपवून, पाणी पाजून, वेदना कमी करून द्यावं. पहिल्या डोसानंतर काही तासांत थंडीताप भरतो तो मेलेल्या जंतूंमुळे. हृदयाच्या धमन्यांच्या तोंडाशी आधीच अरुंदपणा असेल, तर ती सूज महागात पडू नये म्हणून ब्रिटिश मार्गदर्शिका प्रेडनिसोलोन ४० ते ६० मिलिग्रॅम, इंजेक्शनच्या २४ तास आधीपासून ३ दिवस द्यायला सांगते.

इंजेक्शनने व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. संसर्ग थांबतो, ताणलेली भिंत ताणलेलीच राहते. म्हणून इको चालू ठेवायचा. तीव्र गळतीसोबत दम लागू लागला, ईएफ ५५ किंवा त्याखाली आली, डाव्या कप्प्याचं आकुंचनावेळचं माप ५० मिलिमीटरच्या वर गेलं, किंवा महाधमनी ५.५ सेंटिमीटर झाली, की शस्त्रक्रियेचं बोलणं लांबवू नका. व्हॉल्व्ह आणि चढती महाधमनी दोन्ही बदलायची तर सहसा बेंटॉल ऑपरेशन होतं. सर्जनला चिठ्ठी लिहाल तेव्हा ‘महाधमनीचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवावा’ एवढी ओळ घाला, कारण काही पेशंटांत निदान तिथेच पहिल्यांदा कळतं.

आणि हे सगळं ज्याने टळतं, ते तुमच्याच हातात पहिल्या दिवशी असतं. जननेंद्रियावर न दुखणारी जखम घेऊन एखादा तरुण येतो, पीथमपूरच्या कारखान्यातला असेल किंवा विजयनगरच्या ऑफिसातला. मलम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊन जखम भरते आणि सगळे खूश. पण ती तशीही भरणारच होती. जखम ताजी असताना रक्त निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून रिपोर्टसाठी इंजेक्शन अडवू नका. तुमच्याकडे पेनिसिलीन नसेल, तर सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवा. तिथल्या पांढऱ्या किटमध्ये २४ लाखांची बाटली मोफत असते, आणि एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात त्वचा-गुप्तरोग विभाग आहेच. गेल्या ९० दिवसांतल्या जोडीदारालाही त्याच दिवशी उपचार द्या. नाहीतर तो मुलगा स्टेशनजवळच्या भिंतीवरच्या ‘शर्तिया इलाज’कडे जाईल आणि पंचवीस वर्षांनी इकोचा कागद घेऊन परत येईल.

हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवताना चिठ्ठीवर एवढं असलं की पुढच्या माणसाचे दोन आठवडे वाचतात : दोन्ही हातांचं बीपी, आवाज उजव्या कडेला आहे का डाव्या, व्हीडीआरएल टायटरसह आणि कोणत्या पद्धतीने, टीपीएचए, एचआयव्ही, पूर्वीच्या पेनिसिलीनची तारीख आणि डोस, माहीत असल्यास, बाहुल्यांची नोंद, आणि पेशंटने हे घरात कोणाला सांगू दिलं आहे, ते नाव.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
हृदयरोग, त्वचा-गुप्तरोग आणि पॅथॉलॉजी विभागांत काम करणारे
इंदूरमधले काही मराठी डॉक्टर